दहावा प्रश्न

ग्रंथालयशास्त्राच्या पदवीसाठी माझ्या वहीत चाळीस प्रश्न हवे होते. सहा आठवडे इस्पितळाच्या ग्रंथालयात उमेदवारी करायची आणि तेवढ्या काळात जिवंत माणसांनी विचारलेले, विचारणाऱ्याच्या नावासकट नोंदवलेले, ग्रंथपालांची सही असलेले चाळीस प्रश्न जमवायचे. नियम वीस वर्षांपूर्वीचा. तेव्हा म्हणे एका दिवसात चाळीस यायचे. माझ्या नशिबी तीन आठवड्यांत नऊ आले.

जागा बदलून मिळेल का, हे विचारायला मी पहिल्याच आठवड्यात विद्यापीठाला फोन लावला होता. तिथेही ‘अंदाज’ बसवलेला आहे. मी हॅलो म्हणायच्या आत पलीकडची यंत्रबाई म्हणाली, “श्राव्या बंडगर, नेमणूक बदलता येणार नाही,” आणि फोन बंद. उत्तर बरोबर होतं, म्हणूनच जास्त डोकं फिरलं. हल्ली माणसाला तोंड उघडायचीसुद्धा सोय राहिलेली नाही.

तर मी मिरजेच्या सदाफुले स्मारक रुग्णालयात, तिसऱ्या मजल्यावर, धोबीखान्याच्या डोक्यावर बसून होते. खालून वाफ यायची, चादरींचा वास यायचा, माणूस मात्र यायचा नाही. ग्रंथपाल दस्तगीर मुल्ला. सगळे त्यांना मुल्लासर म्हणत. निवृत्तीला तीन महिने राहिलेले, गुडघा दुखरा, चष्मा कपाळावर. एकोणतीस वर्षं त्यांनी या खोलीत काढली होती आणि विश्वस्त मंडळाने ही खोली मार्चअखेर बंद करायचं जवळजवळ ठरवलं होतं.

अंदाज म्हणजे काय ते सांगते, कारण सगळा घोळ तिथेच आहे. खाटेखाली संवेदक असतात, रक्ताचे अहवाल आपोआप येतात, राउंडला डॉक्टर-नर्स काय बोलतात ते यंत्र ऐकतं. एवढ्यावरून ते रोग ओळखत नाही. ते काम दुसऱ्या यंत्रांचं. अंदाज ओळखतो तो प्रश्न. या पेशंटपाशी उभ्या राहिलेल्या या डॉक्टरला पुढच्या पाच मिनिटांत काय विचारावंसं वाटेल, हे तो आधीच काढतो, जगातले शोधनिबंध चाळतो आणि डॉक्टरच्या हातातल्या पाटीवर, म्हणजे टॅबवर, उत्तराच्या दोन ओळी टाकतो. नर्सबाया त्याला अंदाजराव म्हणतात. अंदाजराव म्हणाले की विषय संपला.

हे तो शिकला कुठून? तर ग्रंथालयांच्या जुन्या रजिस्टरांतून. मुल्लासरांसारख्या शेकडो ग्रंथपालांनी वर्षानुवर्षं हाताने लिहून ठेवलं होतं, कुणी विचारलं, काय विचारलं, कशासाठी. असे चाळीस लाख प्रश्न त्याला खायला घातले. पण प्रश्न विचारायच्या आधीच उत्तर मिळायला लागलं, तसं विचारणंच बंद पडलं. नवे प्रश्न येईनात. अंदाज मग आपलेच जुने अंदाज पुन्हा पुन्हा चघळू लागला आणि दोन वर्षांत त्याची उत्तरं शिळी व्हायला लागली. यावर बनवणाऱ्यांनी एक तोडगा काढला. खऱ्या माणसाने विचारलेला, हाताने लिहिलेला आणि ग्रंथपालाच्या सहीने साक्षांकित झालेला प्रश्न आला, तर त्याला दहा हजार अंदाजांइतकं वजन द्यायचं. ज्या घरी वर्षभरात कुणी फिरकत नाही, तिथे चुकून आलेल्या पाहुण्याला कसा सगळा शिरा वाढतात, तसंच हे. हे वजन फक्त आमच्या इस्पितळात नाही, अंदाजाच्या जाळ्यातल्या अकराही रुग्णालयांत लागू.

हे सगळं मला पहिल्या दिवशीच्या माहितीपुस्तिकेत वाचायला दिलं होतं. मी वाचलंही होतं. परीक्षेत विचारलं असतं तर लिहिलंही असतं.

मुल्लासरांच्या रजिस्टरला पाच रकाने, माझ्या वहीलाही तेच. प्रश्न, विचारणाऱ्याचं नाव, कशासाठी हवं, उत्तर, कुठून मिळालं. त्यांचा जीव तिसऱ्या रकान्यात. “माणूस विचारतो एक आणि त्याला हवं असतं भलतंच,” ते म्हणायचे. म्हणून ते प्रत्येकाला ‘कशासाठी’ तीनदा विचारत. एकदा म्हणे एका सर्जनने हाताच्या थरथरीवर नवं काय आलंय ते मागितलं. पहिल्या ‘कशासाठी’ला म्हणाले व्याख्यानासाठी. दुसऱ्याला म्हणाले, आहे एक पेशंट. तिसऱ्याला त्यांनी फक्त उजवा हात टेबलाखाली घेतला. सरांनी त्या दिवशी त्यांना निबंधाऐवजी एका मेंदूच्या डॉक्टरचा पत्ता लिहून दिला. आणखी एक नेम होता. विचारणाऱ्याला स्वतः भेटल्याशिवाय सर सही करत नसत.

चौथ्या आठवड्याच्या सोमवारी मी सकाळी दहा ते एक जिन्यात उभी राहिले. येणाऱ्या-जाणाऱ्या डॉक्टरांना अडवून विचारत होते, सर, काही प्रश्न आहे का? त्यांतल्या एकाने मला रक्तदान शिबिरवाली समजून बाही वर केली. बाकीचे हातातली पाटी दाखवून पुढे गेले. वर आले, खुर्चीत बसले आणि रडू येईल की हसू, हे कळेना. मग मी पेन घेतलं आणि दहाव्या ओळीवर लिहून टाकलं, ‘वयस्कर रुग्णांना संध्याकाळी दिलेल्या लघवीच्या गोळीमुळे ते रात्री उठताना पडण्याचं प्रमाण वाढतं का?’ दुसऱ्या सत्रात शोध कसा घ्यावा याच्या सरावाला हा प्रश्न होता, त्यामुळे उत्तर पाठ होतं. विचारणारे, डॉ. निनाद हेरवाडे. हृदयविभागातले तरुण डॉक्टर, सकाळी जिन्यात मला हसून ‘उद्या बघू’ म्हणाले होते. कशासाठी, एका पेशंटसाठी.

सरांनी चष्मा खाली ओढून वाचलं. “हेरवाड्यांना कशासाठी हवं होतं?” त्यांनी विचारलं. एका पेशंटसाठी, मी म्हणाले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग आपल्या गुडघ्याकडे, मग दाराबाहेरच्या दोन जिन्यांकडे. लिफ्ट आठवडाभर बंद होती. “चल, तुझे दहा तरी होऊ देत,” म्हणाले, सही केली आणि पान स्कॅनरखाली धरून अंदाजाकडे पाठवलं. दुसऱ्यांदा ‘कशासाठी’ विचारलं नाही. मला इतकं हायसं वाटलं की लाज वाटायची राहूनच गेली.

गुरुवारी विश्वस्त मंडळाच्या अध्यक्षांची चिठ्ठी आली. अंदाजाच्या आठवड्याच्या अहवालात आमचं नाव चमकलं होतं. ग्रंथालय प्रश्न क्रमांक दहामुळे अकरा रुग्णालयांत वयस्कर रुग्णांच्या संध्याकाळच्या गोळ्यांचा फेरविचार सुरू झाला होता. उत्तर तर खरंच होतं. रात्री लघवीला उठताना म्हातारी माणसं पडतात, गोळी दुपारी घ्यावी किंवा सकाळच्या गोळीत मिळवावी, याला भक्कम पुरावा आहे. विश्वस्तांनी ग्रंथालय बंद करण्याचा ठराव वर्षभर पुढे ढकलला आणि मुल्लासरांना वर्षाची मुदतवाढ देऊ केली. सरांनी चिठ्ठी दोनदा वाचली आणि खालच्या टपरीवरून स्वतः चहा आणला, दुखऱ्या गुडघ्यानिशी.

हेरवाड्यांचा सभेत सत्कार झाला. मला वाटलं, आता हा माणूस म्हणणार, मी कधी विचारलं? पण ते माईकसमोर उभे राहून म्हणाले, हा प्रश्न मला बरेच दिवस छळत होता. त्यानंतर ग्रंथालयात रांग लागली. प्रत्येक डॉक्टरला आपल्या नावाचा प्रश्न हवा झाला. पाचव्या आठवड्याच्या शेवटी माझ्या वहीत एकोणचाळीस प्रश्न होते. आईला फोन करून सांगितलं की एक राहिलाय, कवठेमहांकाळला येताना पेढेच घेऊन येते.

मंगळवारी सकाळी हृदयविभागाच्या सिस्टर शालन आवळे पाट्या चार्जिंगला लावता लावता मला सहज म्हणाल्या की चौदा नंबरच्या चौगुलेबाई रविवारी अतिदक्षतेत जाऊन आल्या. फुप्फुसात पाणी भरलं होतं. त्यांची संध्याकाळची लघवीची गोळी सकाळच्यात मिळवून बंद केली होती ना, तिसऱ्या दिवशी श्वास लागला.

“कुणी बंद केली?” मी विचारलं.

“अंदाजरावांनी सुचवलं, रात्रपाळीच्या पोरानं ओके केलं. तुमचाच तो दहा नंबर.” त्यांच्या बोलण्यात दोष नव्हता, घाई होती.

चौगुलेबाईंचं हृदय इतकं थकलेलं होतं की त्यांना ती गोळी दोन्ही वेळा हवीच होती. एरवी अंदाजाने त्यांच्या बाबतीत पडण्याचा प्रश्न पुढे आणलाच नसता. श्वासाचा आणला असता. पण दहा हजारांचं वजन घेऊन माझा प्रश्न मध्येच घुसला आणि श्वासाचा प्रश्न मागे पडला. उत्तर खरं होतं. खोटा होता तो प्रश्न.

पुढचे दोन दिवस मी तो प्रश्न मागे घ्यायचा प्रयत्न केला. मदतकेंद्राने सांगितलं, उत्तर चुकीचं असेल तर दुरुस्तीचा अर्ज आहे. मी म्हटलं, उत्तर बरोबर आहे, प्रश्न चुकीचा आहे. तिकडचा मुलगा बराच वेळ कळफलक बडवत बसला आणि म्हणाला, मॅडम, प्रश्न चुकीचा असा पर्यायच नाहीये. उत्तराला चूक-बरोबर असतं, प्रश्नाला कुठे असतं? दुसऱ्या मुलीने तेच सांगितलं, तिसऱ्याने मला समाधानाचे गुण द्यायला सांगितले.

मग हेरवाड्यांकडे गेले. दार लावून घेतलं आणि सरळ सांगितलं की सर, तो प्रश्न तुम्ही विचारलाच नव्हता, मी लिहिला. ते माझ्याकडे अशा समजुतीने बघायला लागले की मलाच क्षणभर शंका आली. “तू दमलीयस,” ते म्हणाले. “मी जिन्यात विचारला होता तुला. सोमवारी. चांगला आठवतोय मला.” खोटं बोलत होते असंही वाटत नव्हतं. सत्काराच्या शालीबरोबर त्यांना आठवणही मिळाली होती. मी बाहेर येऊन जिन्याच्या कठड्याला लाथ घातली, त्यात अंगठा दुखावला तो वेगळाच.

गुरुवारी मी लंगडत चौदा नंबरपाशी गेले. का गेले ते मला नीट सांगता येणार नाही, बहुधा बाई जिवंत आहेत एवढं बघायला. मंगल चौगुले, वय एकाहत्तर, दोन उशांना टेकून बसलेल्या, नाकात नळी. शेजारच्या स्टुलावर डबा होता, झाकण न उघडलेला. खिडकीपाशी त्यांची सून पाठमोरी उभी होती. मला बघताच बाईंनी हाताने जवळ बोलावलं.

“तू पांढऱ्या कोटातली न्हाईस, तू तरी सांग. माझी सांजची गोळी कुणी बंद केली?”

सिस्टर मागून म्हणाल्या की चार दिवस हे एकच चाललंय, येईल त्याला विचारतात. मी विचारलं, मग उत्तर का देत नाही? त्या म्हणाल्या, काय देणार, अंदाजरावांच्या पाटीवर पेशंटचा प्रश्न उमटतच नाही. तो फक्त डॉक्टर-नर्सचाच धरतो.

वही माझ्या काखेत होती. मी स्टुलावरचा डबा बाजूला केला, बसले आणि विचारलं, “मावशी, कशासाठी हवंय?”

“आसंच.”

“कशासाठी पण?”

“घ्यायाची व्हती तर बंद का केली? आन् बंद करायची व्हती तर मला इचारायला नको?”

आता थांबावं असं फार वाटलं. “कशासाठी, मावशी?” मी तिसऱ्यांदा विचारलं.

त्यांनी खिडकीकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. इस्पितळात आल्यावर पहिल्या आठवड्यात सून रात्री सोबतीला होती. गोळीमुळे बाईंना चारचारदा उठावं लागे आणि सुनेला त्यांना धरून न्यावं लागे. एका सकाळी सून नर्सला म्हणाली, आईंचं उठणं जरा कमी झालं तर बरं होईल, दोघींचीबी झोप मोडती. दुसऱ्याच दिवशी गोळी बंद झाली. “म्हंजे हिनंच सांगून बंद करायला लावली. माझा जीव गेला आस्ता तरी चाललं आस्तं हिला,” त्या म्हणाल्या. रविवारपासून त्यांनी सुनेच्या हातचा घास घेतला नव्हता. मुलाला निरोप धाडला होता, हिला परत घरात घेऊ नको.

सून खिडकीपासून वळली नाही, पण तिचे खांदे बघून मला कळलं की तिने हे सगळं ऐकलं होतं, आणि पहिल्यांदाच ऐकत होती असंही नाही.

वर येऊन मी चाळीसाव्या ओळीवर लिहिलं. प्रश्न, माझी संध्याकाळची गोळी कुणी बंद केली? विचारणाऱ्या, मंगल चौगुले, खाट चौदा. कशासाठी, सुनेवर आळ आलाय तो खरा की खोटा ते कळावं म्हणून. उत्तर, सुनेने नाही. श्राव्या बंडगर हिने प्रश्न दहा खोटा लिहिला, डॉ. हेरवाडे यांनी तो विचारला नव्हता, त्या प्रश्नाच्या वजनामुळे गोळी बंद झाली. कुठून मिळालं, मीच लिहिला होता.

वही सरांपुढे ठेवली. त्यांनी वाचायला इतका वेळ लावला की खालच्या धोबीखान्यातलं एक यंत्र थांबून दुसरं सुरू झालं. मी म्हणाले, सर, सही केलीत तर मुदतवाढ जाईल, ही खोलीही जाईल. नाही केलीत तर माझं काही म्हणणं नाही. हे बोलताना मला मनापासून वाटत होतं की त्यांनी करू नये. हेही लिहून ठेवते.

ते उठले. दोन जिने उतरून चौदा नंबरपर्यंत गेले, प्रत्येक पायरीवर थांबत, कारण लिफ्ट अजून बंदच होती. मी मागे. बाईंना त्यांनी नमस्कार केला आणि विचारलं की हा प्रश्न तुम्हीच विचारलात का. बाई म्हणाल्या, व्हय, मीच. सरांनी तिथेच खाटेच्या कडेवर वही टेकवून सही केली. मग मला म्हणाले, “दहाव्या प्रश्नाच्या वेळी मी दुसऱ्यांदा विचारलं नाही. त्यात तुझ्याइतकाच मीही आहे.”

वहीचं पान वॉर्डातल्या स्कॅनरखाली धरलं आणि मिनिटभरात वॉर्डातल्या सगळ्या पाट्या एकदम वाजल्या. माणसाचा प्रश्न, हाताने लिहिलेला, साक्षांकित. दहा हजारांचं वजन. माझं नाव त्या दुपारी अकरा रुग्णालयांच्या प्रत्येक मजल्यावर वाचलं गेलं. सिस्टर शालननी पाटी वाचली, माझ्याकडे पाहिलं आणि ती चौगुलेबाईंच्या हातात दिली. बाईंना चष्म्याशिवाय दिसेना. “वाच गं,” त्या खिडकीकडे बघून म्हणाल्या. सुनेने वाचलं. पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचलं. मग बाई माझ्याकडे वळल्या आणि मला जे बोलायचं ते बोलल्या, ते मी इथे लिहीत नाही. त्यातला एकही शब्द जास्तीचा नव्हता. शेवटी त्यांनी डब्याकडे बोट दाखवलं आणि सुनेला म्हणाल्या, उघड.

सरांचा सहीचा अधिकार त्याच संध्याकाळी गेला. ग्रंथालय मार्चअखेर बंद झालं. कपाटं हलवली, आता तिथे धुतलेल्या चादरींच्या घड्या घालतात. हेरवाडे अजून म्हणतात की त्यांनी विचारला होता. अंदाजात मात्र एक गोष्ट शिरली आहे, ती कुणाला काढता येत नाही. हल्ली कुठल्याही पेशंटची गोळी बदलायला गेलं की पाटीवर आधी उमटतं, ‘रुग्ण विचारेल: कुणी बदलली? कशासाठी?’ आणि नाव लिहिल्याशिवाय ती पुढे सरकत नाही. सिस्टर शालन फोनवर म्हणाल्या की डॉक्टर मंडळी वैतागलीत, तुझ्या नावाने रोज बोटं मोडतात.

विद्यापीठाचं पत्र एप्रिलमध्ये आलं. ग्राह्य प्रश्न एकोणचाळीस. क्रमांक दहा, ग्राह्य. विचारणारे वैद्यकीय कर्मचारी, सही विहित नमुन्यात. क्रमांक चाळीस, अग्राह्य. विचारणारी व्यक्ती रुग्ण. उमेदवारी अपूर्ण, पुढील वर्षी पुन्हा करावी.

मी फोन लावला. हॅलो म्हणायच्या आत यंत्रबाई म्हणाली, “श्राव्या बंडगर, चाळीसावा प्रश्न नियम अकरानुसार नाकारला आहे.”

“मला ते विचारायचं नव्हतं,” मी म्हणाले. “दहावा का घेतला, ते विचारायचंय.”

का नाकारलं, हे सगळेच विचारत असणार. का घेतलं, हे आजवर कुणी विचारलंच नसावं. बऱ्याच वेळाने ती म्हणाली, “कृपया थांबा.”

मी खुर्ची ओढून घेतली आणि थांबले.